मांडणी, रीत, ताळा



एका गणितशिक्षकाच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत गणिताविषयी नुसते बोलण्यापेक्षा चार गणिते सोडवून पाहिलेली बरी. सुरुवात आठवीतल्या एका मुलीच्या वहीपासून करू.

गणित साधे आहे. एक मुलगा सायकलवरून ताशी १२ किलोमीटर वेगाने शाळेत जातो आणि त्याच रस्त्याने ताशी ८ किलोमीटर वेगाने परत येतो. त्याचा सरासरी वेग किती? मुलगी पाहता पाहता लिहिते: १२ अधिक ८, भागिले २, उत्तर १०. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूचीत ९.६ छापलेले असते. ती खोडरबर घेते, १० पुसते, त्या जागी ९.६ लिहिते, खाली दुहेरी रेघ ओढते. ओट्यापाशी उभी असलेली आई विचारते, "झाला का गं गृहपाठ?" उत्तर येते, "झाला."

तो झालेला नाही. पुसलेला १० आणि त्यावर लिहिलेला ९.६ यांच्यामध्ये कागदावर काहीच नाही, आणि शिकायचे जे होते ते नेमके तिथे होते. हात पुसत आई शेजारी येऊन बसते.

"शाळा किती लांब आहे?"

"दिलंच नाहीये."

"मग धर काहीतरी."

"कितीही?"

"१२नं आणि ८नं भाग जाईल असं धर, म्हणजे सोपं जाईल."

मुलगी २४ किलोमीटर धरते. जायला २ तास, यायला ३ तास. एकूण अंतर ४८ किलोमीटर, एकूण वेळ ५ तास. ४८ भागिले ५ म्हणजे ९.६. उत्तर जुळले, पण आई उठत नाही. ती विचारते, "मग १० का नाही आलं?" मुलगी थोडा वेळ गप्प बसते आणि म्हणते, "येताना तो जास्त वेळ रस्त्यावर होता. हळू चालवण्यात ३ तास गेले, जोरात चालवण्यात २च." मग स्वतःहूनच २४ च्या जागी ४८ धरून पाहते. जायला ४ तास, यायला ६, अंतर ९६, वेळ १०. पुन्हा ९.६. आता ते उत्तर तिचे झाले.

'समजा' किंवा 'धर' हा गृहपाठाच्या वहीतला सर्वांत कामाचा शब्द असेल. जे दिलेले नाही त्याच्या जागी सोयीची संख्या धरायची आणि पुढे चालू पडायचे, हे धैर्य मुलांना सहज येत नाही. पुस्तकात दिलेले नाही ते आपण कसे धरायचे, असा त्यांचा प्रामाणिक प्रश्न असतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त याच जातीची एक रीत 'इष्टकर्म' या नावाने आहे. माहीत नसलेल्या राशीच्या जागी आपल्याला हवी ती, म्हणजे इष्ट, संख्या घ्यायची, गणित चालवायचे, आणि आलेल्या फळाच्या प्रमाणावरून खरी राशी काढायची. आई 'धर काहीतरी' म्हणाली तेव्हा तिला ते नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

पायऱ्यापायऱ्यांनी गणित सोडवण्याची शिस्त आपल्याकडे किती जुनी आहे, याचा पुरावा एका फाटक्या पोथीत आहे. १८८१ साली पेशावरजवळच्या बख्शाली गावात जमीन खणताना एका शेतकऱ्याला भूर्जपत्रावर लिहिलेली पोथी सापडली. सत्तरएक पाने उरली होती, तीही कडा झडलेली. ती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिचा काळ कोणता यावर विद्वानांचे अजून एकमत नाही, पण तिची घडण मात्र स्पष्ट दिसते. आधी सूत्र, मग उदाहरण. त्यानंतर 'स्थापना', म्हणजे दिलेल्या संख्या व्यवस्थित मांडून घेणे. मग 'करण', म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड. आणि शेवटी 'प्रत्यय'. आलेले उत्तर मूळ उदाहरणात परत घालून ते खरे आहे याची खात्री पटवून घ्यायची. भास्कराचार्यांच्या ग्रंथांतही उदाहरणाच्या श्लोकानंतर गद्यात 'न्यास' येतो. न्यास म्हणजे तीच मांडणी.

प्रत्ययाला मराठीने स्वतःचा शब्द दिला, ताळा. हा शब्द शाळेपुरता राहिला नाही. वाण्याच्या वहीतून तो ताळेबंदात गेला, माणसांच्या वागण्यात ताळमेळ आणि ताळतंत्र म्हणून शिरला, आणि भरकटलेला माणूस आपण आजही ताळ्यावर आणतो. ज्या भाषेत उत्तर पडताळण्याचा शब्द इतका घरोब्याचा आहे, त्या भाषेतल्या मुलांच्या वह्यांतून ताळा नाहीसा व्हावा, ही खरोखर चिंतेची गोष्ट आहे.

या व्याख्यानाचे म्हणणे तेवढेच आहे. मांडणी, रीत आणि ताळा या तिघांपैकी आपल्या वह्यांत मधली रीत तेवढी टिकली, दोन्ही टोके गळून गेली. भूमितीत 'पक्ष' आणि 'साध्य' लिहिल्याशिवाय 'सिद्धता' सुरू करता येत नाही, म्हणून तिथे पहिले टोक अजून शाबूत आहे. भौतिकशास्त्राच्या उदाहरणात 'दिलेले' असा मथळा असतो, पण त्याखाली बहुधा प्रश्नातलेच आकडे जसेच्या तसे उतरवलेले दिसतात. बाकी ठिकाणी मूल प्रश्न वाचते आणि थेट आकडेमोडीवर झेप घेते. गाईड रीत देते, शिकवणी रीत देते, आणि आता फोनने गणिताचा फोटो काढला की पडद्यावरही रीतच उतरते.

मांडणीत नेमके काय घडते, ते पाहण्यासाठी 'लीलावती'तले कमळाचे गणित घेऊ. एका तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आली आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलत जाते आणि मूळ जागेपासून २ हातांवर पाण्यात बुडते. पाणी किती खोल?

दहावीतला हुशार मुलगाही इथे अडतो, आणि तो पायथागोरसच्या प्रमेयापाशी अडत नाही. तो त्याच्या आधीच अडतो. गणितात दोनच संख्या आहेत, अर्धा आणि २. त्यांचा गुणाकार करावा की वर्गांची बेरीज करावी, या विचारात तो पेन्सिल चावत बसतो. त्याला हवे असलेले वाक्य प्रश्नात लिहिलेलेच नाही. ते वाक्य असे: देठाची लांबी बदलत नाही. कमळ उभे असो वा कललेले, देठ तेवढाच. हे वाक्य विद्यार्थ्याला तळ्याकडे पाहून स्वतः आणावे लागते. एकदा ते वहीत उतरले की आकृती आपोआप पडते. खोली क्ष हात ही उभी बाजू, २ हात ही पाण्याच्या पृष्ठभागावरची आडवी बाजू, आणि कललेला देठ, म्हणजे क्ष अधिक अर्धा, हा कर्ण.

यापुढे रीत. क्ष चा वर्ग अधिक ४ बरोबर (क्ष + ½) चा वर्ग. उजवी बाजू उलगडली की क्ष चा वर्ग, अधिक क्ष, अधिक पाव. दोन्हीकडचे वर्ग गेले, उरले ४ बरोबर क्ष अधिक पाव. म्हणून क्ष बरोबर पावणेचार. पाणी पावणेचार हात खोल.

या टप्प्यावर पुष्कळ मुलांची एक ठरलेली चूक होते. (क्ष + ½) चा वर्ग ते क्ष चा वर्ग अधिक पाव एवढाच लिहितात, मधले पद विसरतात. मग काय होते? दोन्हीकडचे वर्ग जातात, क्ष कुठेच उरत नाही आणि समोर उभे राहते ४ बरोबर पाव. कागदच सांगतो आहे की वरच्या ओळीत काहीतरी हरवले. पायऱ्या एकाखाली एक लिहिलेल्या असतील तर हरवलेली वस्तू त्याच ओळीत सापडते. मनातल्या मनात उडी मारली असेल तर पहिल्यापासून सगळे शोधत बसावे लागते.

आणि ताळा? खोली पावणेचार हात, म्हणजे १५ पाव हात. देठ सव्वाचार हात, म्हणजे १७ पाव. आडवे अंतर २ हात, म्हणजे ८ पाव. १५ चा वर्ग २२५, ८ चा वर्ग ६४, बेरीज २८९. १७ चा वर्ग २८९. जुळले. शिवाय ८, १५, १७ हे पुस्तकातले पायथागोरसचे त्रिकुट तळ्याच्या तळाशी दडलेले होते, हेही ताळ्यातच कळले. ज्याने उत्तराखाली रेघ ओढून वही मिटली त्याला ते दिसले नाही.

चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख अभ्यासकांपुढे आणला. घरातल्या माणसाने शिकवलेले गणित पुढच्या पिढीकडे पोचावे म्हणून खानदेशात दगडावर कोरून केलेली ही सोय म्हणायची.

टोके गळाली की काय होते, याची दोन परदेशी उदाहरणे बोलकी आहेत. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारले: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून उत्तर काढले. मुले मठ्ठ नव्हती. शाळेत विचारलेल्या गणिताला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, हे त्यांनी अनुभवाने शिकून घेतले होते. तेही एक शिक्षणच, पण चुकीच्या गोष्टीचे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. तिथल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारले होते: ११२८ सैनिकांना न्यायचे आहे, एका बसमध्ये ३६ बसतात, तर बस किती लागतील? भागाकार बहुतेकांनी बरोबर केला. पण सुमारे २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिले, '३१, बाकी १२'. ३२ बस हे उत्तर २३ टक्क्यांनाच आले. रीत पक्की होती. पण भागाकार संपल्यावर उत्तर पुन्हा रस्त्यावर नेऊन, उरलेले बाराजण कुठे बसतील, हे पाहणारे कमी होते. एसटीच्या थांब्यावर उभे राहिलेले कोणतेही मूल हे सांगू शकेल. वहीत मात्र ते सांगायला जागाच ठेवलेली नसते.

विज्ञानाच्या गृहपाठात ताळ्याचे काम मुख्यतः एकक करते. 'उत्तराला एकक नाही' म्हणून लाल शाईने कापलेला अर्धा गुण मुलांना जाचक वाटतो. त्यांना एका विमानाची गोष्ट सांगावी.

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघणार होते. इंधनमापक बिघडलेला होता, म्हणून टाकीत किती इंधन आहे ते हाताने मोजले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. आता हे सातवीतल्या मुलालाही जमावे असे गणित आहे. लिटरचे किलोग्रॅम करायचे, वजाबाकी करायची, उरलेल्याचे पुन्हा लिटर करायचे. कर्मचाऱ्यांनी तसेच केले. ७,६८२ गुणिले १.७७ बरोबर १३,५९७. ते २२,३०० मधून गेले, उरले ८,७०३. त्याला १.७७ ने भागले, आले ४,९१७. तेवढे लिटर भरले आणि विमान निघाले.

प्रत्येक पायरी बिनचूक आहे. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, कशातही चूक नाही. चूक पहिल्या ओळीत आहे, मांडणीत. कॅनडा तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. हे विमान किलोग्रॅममध्ये मोजणारे होते आणि पूर्वापार वापरला जाणारा १.७७ हा आकडा पौंडांचा होता. १ लिटर इंधनाचे वजन १.७७ पौंड, म्हणजे सुमारे ०.८ किलोग्रॅम. योग्य आकडा घेतला असता तर टाकीत जेमतेम ६,१६९ किलोग्रॅम आहे हे कळले असते, आणि भरायला २०,००० लिटरहून थोडे अधिक लागले असते. भरले त्याच्या चौथ्या हिश्शाइतके. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपले, दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान बॉब पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते अजस्र विमान तरंगत आणून मॅनिटोबातल्या गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानातले ६९ जण वाचले.

इथे ताळा कसा घेता आला असता? त्यासाठी मोठे ज्ञान लागत नाही. १ लिटर पाण्याचे वजन १ किलोग्रॅम. विमानाचे इंधन रॉकेलच्या जातीचे असते, आणि रॉकेल पाण्यावर तरंगते. तरंगते म्हणजे पाण्यापेक्षा हलके. मग त्याच्या एका लिटरचे वजन १.७७ किलोग्रॅम कसे असेल? कंदिलाच्या काळात वाढलेल्या कोणत्याही आजीला पटणारा हा प्रश्न आहे. म्हणून गुणाकार करताना संख्येबरोबर तिचे एककही ओळीओळीतून चालवत न्यावे, ते शेवटच्या ओळीत चिकटवण्यासाठी राखून ठेवू नये. 'लिटर गुणिले पौंड प्रति लिटर' असे पूर्ण लिहिले असते, तर उत्तरात किलोग्रॅम येऊच शकत नव्हते.

रसायनशास्त्रात ताळा अणू मोजून घेतात. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये असणारा प्रोपेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. तो ऑक्सिजनमध्ये जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. समीकरण संतुलित करताना मूल ऑक्सिजनपासून सुरुवात करते आणि गोंधळते, कारण ऑक्सिजन उजवीकडे दोन ठिकाणी विभागलेला आहे. क्रम बदलला की गाठ सुटते. आधी कार्बन: ३ अणू, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू. मग हायड्रोजन: ८ अणू, म्हणून पाण्याचे ४ रेणू. आता उजवीकडे ऑक्सिजनचे ६ आणि ४ मिळून १० अणू झाले, म्हणजे डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू. जो एकटा आहे त्याला शेवटी हात लावायचा, कारण त्याची संख्या बदलली तरी दुसरे काही बिघडत नाही. हे कारण न सांगता नुसता क्रम पाठ करून घेतला तर पुढच्या समीकरणात मूल पुन्हा अडते. घाईत मुले रेणूच्या आतला आकडाच बदलतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू वाढवला की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. हिशेब जुळला, पदार्थ बदलला.

ताळ्यालाही मर्यादा असतात, आणि त्या मुलांना दाखवायला हव्यात. मोठ्या गुणाकाराचा ताळा नऊ वगळून घेण्याची रीत जुनी आहे. ३४७ गुणिले २८ बरोबर ९७१६. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. २८ ची १०, पुन्हा १. पाच एके पाच. ९७१६ ची बेरीज २३, पुन्हा ५. जुळले. पण समजा उतरवताना ९७६१ झाले, तर? बेरीज तीच, ताळाही तसाच जुळतो आणि उत्तर मात्र चुकलेले असते. अंकांची जागा बदलली तरी नऊने भागल्यावरची बाकी बदलत नाही, म्हणून हा ताळा अदलाबदल पकडू शकत नाही.

देवळालीत शाळामास्तर असलेले द. रा. कापरेकर यांच्या १९४९ च्या शोधामागेही हाच गुणधर्म उभा आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. इथून पुढे ६१७४ हेच येत राहते, आणि कुठल्याही संख्येपासून निघालात तरी फार तर ७ पायऱ्यांत तिथेच पोचता. मधल्या प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो, कारण ती एका संख्येतून तिच्याच अंकांची उलटसुलट मांडणी वजा करून आलेली असते. पाचवीच्या मुलाने करता करता वजाबाकीत कुठे चूक केली, तर ९ ने भाग जाईनासा होतो आणि चूक बहुधा तिथेच कळते. कापरेकरांना हा गृहपाठ कुणी दिला नव्हता.

चुकीविषयी थोडे अधिक बोलायला हवे. दुसरीतला मुलगा ५२ वजा ३७ बरोबर २५ लिहितो. शिक्षक फुली मारतात. त्या फुलीखाली एक सुसंगत विचार गाडला जातो. मुलाने एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत हे पाहिले आणि ७ मधून २ वजा केले, लहान अंक मोठ्यातून. दशक सुटा करायची पायरी त्याच्याकडे नव्हती, म्हणून त्याने स्वतःची पायरी बनवली. १९७८ साली अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्यातून दिसले की मुलांच्या पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीचा नियम अगदी इमानाने पाळत असते. अशा मुलाला वजाबाकीची आणखी वीस गणिते दिली तर तो नियम वीस वेळा घटवला जाईल. त्याऐवजी 'हे कसं केलंस, सांग बघू' एवढे विचारले आणि १० ची एक जुडी सोडून १२ सुट्या काड्या पुढे ठेवल्या, तर त्याची पायरी त्यालाच दिसते. अर्धा अधिक एकतृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिणाऱ्या मुलीलाही एकच विचारावे, 'अर्ध्या भाकरीत आणखी घातलं, तर अर्ध्याहून कमी कशी झाली?'

आता गाईडचा प्रश्न. सोडवलेली उदाहरणे वाचणे म्हणजे चोरी, असे मानणारे शिक्षक आहेत. ते पटण्यासारखे नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली ऑस्ट्रेलियात बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केले. नवा प्रकार शिकताना सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्यांना, तशीच गणिते स्वतःच धडपडत सोडवणाऱ्यांपेक्षा, पुढची तशा प्रकारची गणिते कमी वेळात आणि कमी चुका करत जमली. कारणही समजण्यासारखे आहे. रीतच ठाऊक नसताना मुलाचे सगळे अवधान वाट शोधण्यात खर्च होते, वाटेवर काय आहे ते पाहायला काही उरत नाही. पण मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलेली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भौतिकशास्त्रातली तीच सोडवलेली उदाहरणे वाचून काही विद्यार्थी पुष्कळ शिकले, काही फारसे नाही. शिकलेले विद्यार्थी प्रत्येक ओळीला थांबून 'हे इथे का आले' ते स्वतःला समजावत होते आणि आपल्याला कुठे कळले नाही, हेही त्यांना कळत होते.

म्हणजे गाईड असावे, त्यावर एक पोस्टकार्डही असावे. पहिली ओळ वाचायची, पुढच्या ओळी कार्डाने झाकायच्या, पुढे काय येईल ते वहीत लिहायचे, मग कार्ड एका ओळीने खाली सरकवायचे. जुळले तर पुढे. नाही जुळले तर तिथेच बसायचे. फोनवर उतरलेल्या पायऱ्यांनाही हेच लागू. बुडापेस्टला जन्मलेले आणि पुढे स्टॅनफर्डला शिकवणारे गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात गणित सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, तो पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. बख्शालीच्या पोथीशेजारी हे ठेवून पाहावे. पहिला टप्पा स्थापनेजवळ बसतो, शेवटचा प्रत्ययाजवळ. शतकांचे आणि देशांचे अंतर मध्ये असून दोन्ही टोके दोघांनीही राखली आहेत.

महाराष्ट्रातल्या घरांत याला आणखी एक पदर आहे, भाषेचा. सेमी-इंग्रजीत मूल गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकते, बाकी विषय मराठीतून. आईवडील मराठी शाळेत शिकलेले. वडिलांना लसावि आणि मसावि पक्के ठाऊक, मुलाला एलसीएम आणि एचसीएफ. वडील म्हणतात, 'अंश आणि छेद वेगळे कर.' मुलगा म्हणतो, 'आम्हाला न्यूमरेटर आहे.' दोघांनाही गणित येते आहे आणि तरी गृहपाठ अडतो. पुष्कळ वडील इथे 'मला तुमचं हे नवीन काही कळत नाही' म्हणून उठून जातात आणि शिकवणी लावून मोकळे होतात. असे उठून जाणे फार महाग पडते. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखावेत, एकात वडिलांचे शब्द, एकात मुलाचे. लघुतम साधारण विभाज्य हे पूर्ण नाव वडिलांनी उलगडून सांगितले, तर एलसीएम म्हणजे काय ते मुलाला बहुधा प्रथमच अर्थासकट कळेल, कारण मराठी नावात व्याख्याच भरलेली आहे. आणि ज्या आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ आहे, त्यांना कमळाच्या गणितात पावणेचार आणि सव्वाचार दिसताच हायसे वाटेल. त्यांनाही त्या टेबलापाशी बसवावे. शिकवण्यासाठी म्हणून नव्हे. मुलाने त्यांना गणित समजावून सांगायचे आणि त्यांनी 'हे कशावरून?' एवढेच विचारत राहायचे.

बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, ही चांगली सोय आहे. पण तिच्यामुळे पायरी म्हणजे परीक्षकाला दाखवायची वस्तू, असा समज घट्ट झाला आहे. मांडणीला आणि ताळ्यालाही वेगळा गुण ठेवावा, ही मागणी करायला हरकत नाही. तोवर घरात आणि वर्गात प्रत्येक पानाच्या वरच्या चार ओळी आणि खालच्या चार ओळी या दोन कामांसाठी मोकळ्या सोडल्या तरी चालेल. दहा गणितांऐवजी तीनच होतील. होऊ द्यावीत.

सभा उठण्यापूर्वी श्रोत्यांसाठी 'लीलावती'तलेच एक गणित. ९ हात उंच खांब आहे. त्याच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे आणि खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे सरपटत येताना मोराला दिसतो. मोर तिरकी झेप घेतो आणि बिळापर्यंत पोचण्याआधीच सापाला गाठतो. दोघांनी तोवर सारखेच अंतर कापलेले आहे. ते बिळापासून किती हातांवर भेटले?

आधी आकृती काढावी. प्रश्नात दिलेले वाक्य कोणते आणि आपण आणायचे वाक्य कोणते, ते वेगवेगळे लिहावे. उत्तर आले की मोराचे अंतर आणि सापाचे अंतर निरनिराळे मोजून शेजारी शेजारी मांडावे, आणि घरी कुणी जागे असेल तर त्यांना समजावून सांगावे.